चौदाशे अकरावी ओळ

बाबांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेला टेक्स्ट एडिटर आता मीच सांभाळते. आठवडाभर तो फाइल सेव्ह करताना लोकांच्या मजकुराचं शेवटचं पान खातोय. दोष कोडमधल्या चौदाशे अकराव्या ओळीचा. पण ती काढली की जुन्या फाइली उघडतच नाहीत. अखेर बाळाला कडेवर घेऊन लॉन्सेस्टनच्या वृद्धाश्रमात बाबांकडे गेले. “डेसमंड, लेक आलीय बघ!” नर्स ओरडली. बाबांनी लॅमिंग्टन केकचा चुरा झटकला, लॅपटॉप मांडीवर ओढला. बोटं अजून सराईतपणे फिरत होती. “काम सुबक आहे हो,” ते म्हणाले. मला धीर आला. “बाबा, मग ही ओळ कशासाठी?” त्यांनी तिच्यावरची टीप मोठ्याने वाचली. “‘ही ओळ काढू नये. का, ते डेसमंडला विचारा.’” मग माझ्याकडे बघून खुशीत हसले. “एवढं स्पष्ट लिहिलंय की, बाई! इतक्या लांब कशाला आलात? त्या डेसमंडलाच गाठा ना.”