पुसलेली रामनवमी

वर्षातले पाच सर्वांत वाईट दिवस यमुनाबाईंनी स्मृतिकेंद्रात पुसून घेतले, ते केवळ सुनेच्या आग्रहाखातर. दोन दिवसांनी त्या संतापून परत आल्या.

"रामनवमीला यांचं शेवटचं कीर्तन झालं, हे मला शेजारीण सांगते. माझ्या डोक्यातून ते का पुसलंत?"

केंद्राच्या खिडकीतल्या मुलीने संगणकाचा पडदा पाहिला. "आजी, तुमच्या मनगटी पट्ट्यावर नोंद आहे. त्या दिवशी तुम्ही तीन तास रडत होतात."

"अगं, कीर्तनात रडत होते मी. त्यासाठीच तर जातात माणसं. तुझ्या यंत्राला कुणी कधी कीर्तनाला नेलं नाही वाटतं?"

"आता परत नाही आणता येणार, आजी. पण चांगले दिवस आम्ही कायमचे पक्के केलेत. हा बघा, सतरा ऑगस्ट. डोळे कोरडे, श्वास संथ. वर्षातला सर्वांत शांत दिवस."

यमुनाबाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. नवऱ्याची तिरडी अंगणातून उचलली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत टिपूसही नव्हता.

त्यांनी पट्टा ओढून काढला आणि खिडकीत आपटला.

"आजचा दिवस वाईटात लिही. पण पुसू नकोस. राग तरी राहू दे माझ्याकडे."