सामाईक विहिरीचा करार

सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी अवसरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माझ्या नातीनं, प्राचीनं, कॉम्प्युटरवर लिहिलेला करार ठरवणार होता. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवरच्या सामाईक नोंदवहीत, चढला की तो कुणालाच बदलता येणार नाही, म्हणून चोरवाटा आधीच शोधायला तिनं भावकीतल्या, कॉम्प्युटर जाणणाऱ्या श्रेयाला घरी बोलावलं. श्रेयाच्याच आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळात आमची पाळी चोरली होती. शेंगा फोडत मी तिच्या बोटांवर नजर ठेवली. “प्राची, पहिली पाळी नोंदायच्या आत दुसरी मागितली, तर तीही मिळतेय,” ती म्हणाली. “हे टेस्ट तू केलंच नाहीस.” “एक चोरवाट सांगितलीस,” मी म्हणाले, “लपवून किती ठेवल्यास गं?” श्रेया हसली. “आमचे आजोबा प्राचीबद्दल हेच विचारतात, आज्जी. आता हा करार आमच्याकडं त्यांच्यासमोर तपासायचाय. तिला पाठवाल?” त्या दुष्काळानंतर मी त्यांच्या घराची पायरी चढले नव्हते. मी चपला घातल्या. “एकटीला नाही पाठवणार, मीही येते.”