तोर्मोझोक

युद्धामुळे आमचं विद्यापीठ युक्रेनच्या खाणपट्ट्यातल्या दोनेत्स्कहून दूर विन्नित्साला हलवलं. पहिल्याच आठवड्यात इथल्या उपाहारगृहातल्या बाईंना “तोर्मोझोक बांधून द्या” म्हटलं, तर त्या फिदीफिदी हसल्या. “आमच्याकडे खाणकामगारांच्या शिदोरीला असंच म्हणतात,” मी ठणकावलं. त्याला कैक वर्षं झाली. आज विद्यापीठाच्या नावातून ‘दोनेत्स्क’ वगळायचं का, यावर मतदान होतं. त्याआधी मी माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं, “दोनेत्स्क कुणी पाहिलंय?” एकही हात वर झाला नाही. सगळी मुलं इथलीच. मग नाव धरून कशाला बसायचं? मी ‘वगळा’ म्हणायचं ठरवलं. तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. तळघराच्या जिन्यात विन्नित्सातच जन्मलेली माझी विद्यार्थिनी यारिना मैत्रिणीवर खेकसली, “वेंधळे, तोर्मोझोक वरच विसरलीस? आता माझा खाणार!” “हा शब्द कुठला गं?” मी विचारलं. “कुठला म्हणजे? आपल्याकडे असंच म्हणतात ना, मॅडम!” मतदान तळघरातच झालं. वगळण्यासाठी माझा हात वर झालाच नाही.