कातळावरची जागा

टेकडी चढताना अच्युतरावांना चांगलीच धाप लागली. हातात हेमलताबाईंचा पाण्याचा कॅन होता. रोज पहाटे टेकडीवरच्या झाडांसाठी तो भरताना त्या विचारायच्या, "अहो, येताय ना? वर कसं मोकळं वाटतं!" पांघरुणातून उत्तर यायचं, "उद्या नक्की."

हेमलताबाईंचं दिवसकार्य उरकलं आणि आज ते पहाटे आपसूक जागे झाले.

वर पोचल्यावर समोर दिसलेल्या कडुलिंबाच्या रोपाला त्यांनी पाणी घातलं. वारा खरंच मोकळा होता. काही बायका कातळावर गप्पा मारत बसल्या होत्या. कडेची जागा रिकामी पाहून ते टेकले.

"काका, तिथं नका हो बसू," एकजण म्हणाली. "ती आमच्या हेमाताईंच्या मिस्टरांची जागा. 'उद्या यायचेत ते' म्हणून त्या कुणाला बसूच देत नाहीत."

अच्युतराव चटकन उठले.

"बरेच दिवस दिसल्या नाहीत त्या," पदराने ती जागा झटकत बाई म्हणाली. "आता बहुतेक दोघं मिळूनच येतील."

अच्युतरावांनी रिकामा कॅन हळूच पाठीमागे धरला.