दातुकांचा पलंग

पलंग न्यायला चार गडी, एक दोरखंड आणि पादांग शहरातल्या सरकारी कचेरीतले एक साहेब, एवढे सगळे आले होते. सर्वांच्या पुढे बहरूम. शिडीखाली चपला काढून तो मान खाली घालून म्हणाला, "मामी, येऊ का वर?"

"ये. विचारतोस ते बरं करतोस," कामिसा म्हातारी म्हणाली. "घर माझं आहे."

बहरूमने ते हसण्यावारी नेलं. ज्यांचा पुतळा बाजारात उभा आहे आणि ज्यांचं चित्र शाळेच्या पुस्तकात आहे, ते दातुक सिनारो म्हणजे कामिसाचे नवरे आणि त्याचे सख्खे मामा. ते गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांची 'दातुक' ही कुळप्रमुखाची पदवी त्याच्याकडे आली. आता गावात दातुक सिनारो म्हणजे बहरूमच. मामांचा खंजीर त्याच्याकडे, पगडीही त्याच्याकडे. मामाचं भाच्याला जातं, त्यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. पोटच्या मुलीला वाटलंच, तर ती गप्प बसते.

कामिसाची मुलगी रोसमानी छत्तीस वर्षं गप्प बसली होती. आज ती पलंगावर ठाण मांडून बसली होती.

"दादा, पदवी नेलीस, खंजीर नेलास. हा पलंग माझ्या आईच्या आईचा आहे. आणि आई अजून यावर झोपते."

"अगं, मी काय परमुलखात नेतोय? तिसरं घर तर आहे."

तिसरं घर म्हणजे गेलेल्या दातुकांच्या आईचं. तिथे परवा संग्रहालय उघडायचं होतं. गेल्या आठवड्यात साहेबांनी तिथल्या एका खोलीवर पाटी ठोकली : 'दातुक येथे झोपत असत.' ती वाचून बाजारातल्या बायका ओढण्या तोंडाला लावून हसल्या. आमच्याकडे मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की प्रार्थनाघरात झोपायला जातो आणि लग्न झालं की बायकोच्या घरी. चांगला मिशा फुटलेला बाप्या आईच्या घरात झोपला, तर एक तर तो आजारी, नाहीतर बायकोने हाकललेला. देशासाठी लढलेल्या माणसाची साहेबांनी एका पाटीत पार शोभा केली होती. पाटी त्याच दुपारी उतरली आणि खऱ्या पलंगाची आठवण झाली.

"माझं चुकलंच, आजी," साहेब म्हणाले. "पण लोक लांबून येणार आहेत. डचांच्या तुरुंगात अकरा वर्षं काढून आलेला माणूस शेवटी कुठे सुखाने टेकला, ते त्यांना बघायचंय."

रोसमानी पलंगाची कड धरून म्हणाली, "मी चार वर्षांची असताना ते गेले. मला त्यांचा चेहरासुद्धा पुतळ्यावरूनच आठवतो. बाबांची आठवण म्हणून एवढं एकच राहिलंय आमच्याकडे. हेही गेलं तर मी त्यांची कोण?"

 बहरूम माणूस वाईट नव्हता. "मामी नको म्हणाल्या, तर मी हात लावणार नाही," तो साहेबांना म्हणाला. "मग संग्रहालय उघडो की न उघडो."

सगळे कामिसाकडे बघू लागले. ती सुपारी कातरत होती.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"आई!"

"ऊठ रोस, गादी गुंडाळ. आणि जपून रे, त्याचा एक पाय हलतो."

पलंग दारातून निघेना. आडवा केला, उभा केला, शेवटी पाय सुटे करावे लागले. तेवढ्यात साहेबांनी वही काढली. "आजी, दातुक कुठल्या बाजूला झोपत? उशी तिकडे ठेवतो."

"भिंतीकडे," कामिसाने मान वर न करता सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

मंडळी गेली. रोसमानी खोली झाडायला लागली, पण झाडू आपटत होती. पलंगाखालची धूळ तिने दोनदा गोळा केली. मग एकदम म्हणाली, "तुला काहीच कसं वाटलं नाही?"

"तुरुंगातून सुटल्यावर त्या पलंगावर ते एक रात्रसुद्धा झोपले नाहीत," कामिसा म्हणाली.

रोसमानी झाडू हातात घेऊन तिच्याकडे वळली.

"परत आले त्या दिवशी आडवे झाले आणि ओरडत उठले. मऊ अंथरुणात जीव घुसमटायचा त्यांचा. मग खाली फळ्यांवर झोपायला लागले, दारापाशी. दार लावू द्यायचे नाहीत. बाहेर पाऊल वाजलं की थरथरायचे. मी हात धरून ठेवायची. गोरे साहेब ज्यांच्या नावाने चळाचळा कापायचे, त्यांना मी कापताना बघितलंय, हे कुणाला सांगू? पाठ्यपुस्तकवाल्यांना?"

"मलासुद्धा नाही सांगितलंस."

"तुला तरी बाबा धड मिळावेत म्हणून." कामिसाने अडकित्ता खाली ठेवला. "पलंग रिकामाच असायचा, पोरी. आपण तिघंही खालीच झोपायचो."

रोसमानीने दारापाशी पाहिलं. आताच गड्यांनी तुडवलेल्या, पिवळट पडलेल्या साध्या फळ्या होत्या. तिने झाडू भिंतीला टेकवला. दोन मुलांची आई असलेली, शाळेत पोरांना धाकात ठेवणारी ती बाई दारापाशी गेली आणि हात उशाला घेऊन फळ्यांवर आडवी झाली.

"आत सरक जरा," कामिसा म्हणाली. "दाराकडची जागा त्यांची. तू त्यांच्या पाठीला नाक लावून झोपायचीस."

रोसमानी हातभर आत सरकली.