सातव्या पत्रातली गळलेली ओळ

पंधराव्या शतकातल्या एका इटालियन विद्वानाची लॅटिन पत्रं मी परळच्या घरी बसून संपादित करते. हस्तलिखिताचे फोटो बघून आधी सगळं वहीत हाताने उतरवायचं, ही माझी जुनी खोड.

सातवं पत्र उतरवताना सिलिंडरवाल्याने बेल वाजवली आणि एक ओळ गळली.

काल फ्लॉरेन्सहून याच पत्रांच्या दुसऱ्या, तितक्याच जुन्या हस्तलिखिताचे फोटो आले. आज दुपारी माझा विद्यार्थी उन्मेष मूळ प्रत आणि माझी वही ताडून बघत होता. मी नवे फोटो बघत होते.

“मॅडम, सातव्या पत्रात तुमची एक ओळ गळलीय.”

“यातही तीच गळलीय.”

“योगायोग असेल.”

“चूक सारखी, म्हणजे एक प्रत दुसरीवरून उतरवलेली. काय शिकवलंय मी?”

तो हसला. अकराव्या पत्रात मी एक शब्द दोनदा लिहिला होता. यातही तो दोनदा होता. विसाव्या पत्रानंतर उन्मेष हसेना.

“फ्लॉरेन्सची प्रत कुठे संपते?”

मी शेवटचा फोटो उघडला. चाळिसाव्या पत्राच्या तिसऱ्या ओळीत अक्षर अर्ध्या शब्दावर थांबलं होतं आणि तिथून शाईची रेघ थेट कागदाबाहेर घसरली होती.

माझी वही चाळिसाव्या पत्राच्या दुसऱ्या ओळीवर होती. बोलता बोलता, सवयीने, मी पेनचं टोपण काढलं होतं.