हिरव्या फाटकाचं घर

"अजून चार दिवसांचं धुणं निघेल यात," म्हणत आईनं साबणाचे उरलेसुरले तुकडे एका जुन्या मोज्यात कोंबले आणि मोज्याला गाठ मारली.

"आई, तो मोजा माझा आहे."

"होता. त्याचा जोडीदार हरवला तेव्हाच तो सरकारजमा झाला."

बाबा हसले. ते एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचे. दिवसभराच्या वाफेनं त्यांच्या बोटांची टोकं पांढरीफटक पडलेली असत. कामावर ते चालत जायचे आणि चालतच परत यायचे. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसायची. चेन बदलणं, पँट आखूड करणं, विरलेली कॉलर उसवून उलटी लावणं. घरातल्या तिघांच्या कॉलरी एकेकदा उलटून झाल्या होत्या. "आता माणसंच उलटी करून घालायची राहिलीत," असं ती म्हणायची.

दीड खोलीचं भाड्याचं बिऱ्हाड होतं. मुलगी पडद्याआड झोपायची. ती चार वर्षांची असताना घराचे हप्ते सुरू झाले. हप्ता, कर्ज, 'ते घर' हे शब्द ऐकतच ती तेरा वर्षांची झाली. मधे लाँड्रीत तीन महिने अर्ध्या पगारावर काढावे लागले. आईनं बोटातली अंगठी विकली, पण हप्ता चुकला नाही.

रविवारी संध्याकाळी तिघं फिरायला निघत. फिरायला पैसे पडत नाहीत. पाय हमखास त्याच गल्लीत वळायचे. हिरवं फाटक, दोन पायऱ्या, दाराशी एक कुंडी आणि वर एक लहानशी खिडकी. तिघं समोरच्या फुटपाथवरून जात. थांबत नसत. फक्त चाल जरा मंदावायची.

"आत कोण राहतं?" एकदा मुलीनं विचारलं.

"एक बाई आहेत," बाबा म्हणाले. "एकट्याच असतात."

"वरची खिडकी माझी हं. आधीच सांगून ठेवते."

आईनं तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं. "चला, गार वारा सुटलाय."

मुलगी पुढे पळाली तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "एकदा त्या फाटकातून आत जायचंय गं."

"जाऊ. कर्ज फिटू दे. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

बाबांनी मान हलवली. कोपऱ्यावर वळताना मात्र त्यांनी मागे वळून पाहिलंच.

त्या वर्षी शाळेची सहल समुद्रावर जाणार होती. मुलीनं आजवर समुद्र पाहिला नव्हता. चिठ्ठी तिनं आईपुढे ठेवली, आणि आई काही बोलायच्या आत स्वतःच परत उचलली.

"मी नाही गेले तर कर्ज महिनाभर आधी फिटेल?"

"महिनाभर नाही गं. फार तर आठवडा."

"आठवडा तर आठवडा. खिडकी तेवढी आधी मिळेल." तिनं चिठ्ठीची घडी करून वहीत घातली आणि गणितं सोडवायला बसली.

बाबा अर्ध्या जेवणातून उठले. ताट बाजूला सारून ते गॅलरीत गेले. आई मागोमाग आली.

"तू तेव्हाच नको म्हणाली असतीस, तर तिला आज समुद्र दिसला असता."

"मीच तर म्हटलं होतं, घेऊ अंगावर म्हणून." आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "घेतलं नसतं तर तुम्हाला झोप लागली असती का? मला तरी लागली असती? आता थोडंच राहिलंय. जेवून घ्या, भात गार होतोय."

ते येऊन जेवले. सहलीच्या दिवशी मुलगी शाळेतून नेहमीच्या वेळी घरी आली आणि तिनं विचारलं, "समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का हो, बाबा?" बाबा म्हणाले, "असतं."

शेवटचा हप्ता भरायला तिघंही बँकेत गेले. मुलीनं हट्टच धरला होता. बाबांनी लाँड्रीत स्वतःच्या हातानं तिघांच्या कपड्यांना इस्त्री करून आणली होती. पैसे भरले, पावती मिळाली. "जरा बसा," अधिकारी म्हणाला. "घराचे कागद आजच सोडवतोय."

तिघं बाकावर बसले. आई हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती. थोड्या वेळानं अधिकारी जाडजूड फाइल घेऊन बाहेर आला.

"घरमालकांची सही हवी."

"बाबा, उठा ना!" मुलीनं कोपरानं ढोसलं.

बाबा उठले नाहीत. आईनं मुलीचा हात घट्ट धरला.

खिडकीजवळच्या खुर्चीतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या आणि टेबलापाशी गेल्या.

"इथं करा, आजी," अधिकारी म्हणाला. "कर्ज तुमच्या मुलाच्या नावावर होतं. आता तो नाही, म्हणून वारस म्हणून सही तुमची. आणि इतकी वर्षं तुम्ही विचारत होतात ना, हप्ते कोण भरतंय म्हणून? ते बघा, त्या बाकावर बसलेत."

बाईंनी सही केली. फाइल तिथंच ठेवून त्या सावकाश बाकापर्यंत आल्या. बाबा उभे राहिले. हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. बाईंनी त्यांचा चेहरा निरखून पाहिला.

"त्या दिवशी ट्रक तुम्हीच चालवत होतात ना?"